पंचफुलाची वाचायची पाटी

९ जुलै
सकाळी आमच्या गावातनं, गोरेगावहून निघालो, दुपारी कुरुंद्यात पोचलो. बुद्ध विहारामागं खोली दिली. पंखा चालू, खिडकीतून हळदीचं रान. झकास. वर्षावासात तीन महिने रोज सांजंला ग्रंथ वाचायचा, हे माझं काम. शिक्षण सातवी, पण आवाज खणखणीत. प्रेमानंद गुरुजींनी नेम सांगितला: पानावरचं एकबी अक्षर सोडायचं न्हाई, मधी थांबायचं न्हाई. म्हणलं, बराबर.

ग्रंथ माझ्या लेकीनं, संध्यानं, ई-बुकाच्या पाटीत भरून दिलाय. पाटी तिच्या आईची, पंचफुलाची. ती गेली त्याला वर्ष झालं.

१४ जुलै
पाटीवर जोडाक्षरं तुटून येतात. वाचताना ठेचा लागतात, बाया हसतात. वसमतला मोबाईलवाल्या रविंद्रकडं गेलो. म्हणला, आतलं सॉफ्टवेअर बदललं तर अक्षर सुधरंल, पण काका तुमी हात लावू नका, बिघडलं तर परत येणार न्हाई. आठ दिस माझ्याकडं ठेवा. आठ दिस! ह्या लोकाइला सगळ्याचा बाऊ. पंचफुलाचंबी तसंच. जरा दुखलं की दवाखाना.

१५ जुलै
व्हिडिओ बघून मीच केलं. विहाराच्या कॉम्प्युटरला वायर लावली, फाईल टाकली, जे इचारलं त्याला व्हय दाबलं. वाचत कोण बसतं. अर्ध्या तासात अक्षर मोत्यावानी. रविंद्रला फोन करून ऐकवलं. तो म्हणला, जुन्याची कॉपी ठेवली का? म्हणलं, कशाला.

२१ जुलै
वाचता वाचता मधीच एक ओळ आली. सोमवारी पंचफुलाच्या पोटात दुखू लागलं. नेम म्हणून वाचून टाकली. पंचफुलाला वळखणारी जिवनबाई माझ्याकडं नुसती बघून राहिली. खोलीवर येऊन तेच पान काढलं. ओळ न्हाई.

२३ जुलै
आज दोन ओळी. मंगळवारी तिनं जीप सांगा म्हणलं. नवरा म्हणला, नाटकं करू नको.
तवा घरात आमी दोघंच व्हतो.

२६ जुलै
रविंद्रनं पाटी तपासली. ह्यात ग्रंथाबिगर काय न्हाई म्हणला. जुनं परत बसंना. सांगितलं व्हतं ना काका, म्हणला. तोंड वर करून.

२ ऑगस्ट
बुधवार आला. तिनं शेजारी हाक मारली, नवऱ्यानं तिला आत ढकललं. बायांनी माझ्याशी बोलणं सोडलं. गुरुजी खाली बघतात.
पुनवेला संध्या ऐकायला येणार हाय. तिला सांगितलं व्हतं, आई झोपेत गेली.
राहिला गुरुवार. गुरुवारी मी भायेरून कडी —

८ ऑगस्ट
पाटी दगडानं फोडली. उद्या छापील ग्रंथ.

९ ऑगस्ट, पुनव
संध्या म्होरंच बसली. छापील पान नीट व्हतं. डोळे ग्रंथ वाचत व्हते — तोंडातून गुरुवार आला. जीभ चावली तरी थांबंना — कडी — तिच्या हाका — दुपारपासून दिवेलागणीपोत्तर — मग हाका बंद —
एकेक जण उठून गेलं. संध्या बसून राहिली.

आता खोलीत, समोर. रडत न्हाई. एवढंच इचारलं,
"आबा, आई हाका मारून राहिली व्हती, तवा तुमी कुठं व्हतात?"
लिहून देतो म्हणलो. ती वहीत बघून राहिली.

कुठं गेलो नव्हतो, लेकरा. ओट्यावरच व्हतो. दाराला पाठ टेकून. तिचे हात फळीवर पडायचे ते पाठीला लागत व्हते. आन मी —