निरोगी नमुना

छोटे,

लग्नाआधी तू माझ्या प्रयोगशाळेत आली होतीस. "ताई, जरा आपटलं की काळंनिळं पडतं गं, एकदा रक्त तपास ना."

तुलनेसाठी निरोगी नमुना म्हणून आम्ही आमचंच रक्त वापरतो. त्या दिवशी मी माझं घेतलं. दोन्ही नमुने गोठायला सारखाच वेळ लागला. "तुझं आपलं काहीतरीच," म्हणत मी तुला चहा पाजून घरी पाठवलं.

बाळंतपणात तुझं रक्त थांबलं नाही.

काल नवं यंत्र आलं म्हणून आम्हा सगळ्यांचं रक्त तपासलं. गोठण्यात दोष निघाला तो एकट्या माझ्या रक्तात.

तुझी लेक माझ्याकडेच असते. आज तिचा गुडघा फुटला. "काही होत नाही गं," असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

तुझ्याच रक्ताची,
ताई