धाकट्याचा हीटर

३ मार्च
धाकट्याशी आज पुन्हा वाजलं! त्याच्या कॅमेऱ्याला हीटर हवा — वर सावलीत गारठून मरेल म्हणे. म्हटलं, अरे बाबा, आपला उपग्रह जेवणाच्या डब्याएवढा, सगळी वीज मिळून झिरोच्या बल्बाइतकी. कुठून आणू? तर म्हणतो, “तायडे, तू जीव देशील, पण वीज देणार नाहीस!” अख्ख्या प्रयोगशाळेसमोर! जेवताना मात्र माझ्याच शेजारी. माझी भाजीही त्यानेच संपवली.

९ मार्च
आईचं रोजचं — “तुमचा डबा जाणार कधी?”

१४ मार्च
उद्या डबा बंद करून पाठवायचा. धाकटा भिंग पुसत बसला होता. दोन वर्षं त्या एवढ्याशा काचेमागे घालवली पोरानं. गणितात बसत नव्हतं, तरी बॅटरीतला राखीव वाटा हीटरला देऊन टाकला. “घे मेल्या!” तो हसला नाही, नुसता बघत राहिला. मला वाटलं, भरून आलं असेल.

२ मे
डबा वर गेला! आई टाळ्या वाजवतेय, मी रडतेय. आता डबा रेडिओवरून बोलेल.

३ मे
बोलला नाही.

६ मे
नुसती खरखर. माझ्या लाडानेच घात केला — राखीव वाटा हीटरने खाल्ला असणार. धाकटा चहा आणून देतो, वर म्हणतो, “बोलेल गं.” मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

९ मे
बोलला!! माझा गुणी डबा! रॉकेटमधून सुटल्यापासून गरगरत होता, सौर पॅनेलवर ऊन धड पडेना. आता सावरलाय. बॅटरी पार तळाला, पण जिवंत. हीटर चालू असता तर संपलंच होतं.

म्हणजे हीटर बंद? मी वळून पाहिलं. धाकटा कान खाजवत होता. “डबा बंद करायच्या आधी मीच प्रोग्रॅममध्ये बंद करून ठेवला. तू लाडात येऊन दिलास, तेव्हाच कळलं, गणितात बसत नाहीये.”

“आणि कॅमेरा?”

“गेला असेल गारठून. असू दे.”

असू दे म्हणे! गाढव! सगळ्यांदेखत पाठीत धपाटा घातला आणि तिथेच त्याच्या गळ्यात पडून रडले.

२० मे
बॅटरी भरली. धाकट्याला न विचारता खालूनच आज्ञा पाठवून हीटर चालू केला.

२१ मे
पहिला फोटो! घरी आणून दाखवला. काळा पडदा, मधोमध एक ठिपका. आई बोटाने पुसत बसली — जाईना. धाकट्याने तिचा हात धरला. “राहू दे गं. तारा आहे तो.”