माशांच्या पाण्यावरचा पालक

४ मार्च, रात्र
आज सगळ्यात आधी टपकली ती वरच्या मजल्यावरची नर्सबाई. रिटायर होऊन वर्ष झालं तरी चाल तीच, कुणाला तरी सुई टोचायला निघाल्यासारखी. तिच्या मागोमाग खालची शिंपीणबाई, गळ्यात टेप लटकवून. हिने जेवताना तरी तो टेप काढावा. असो. दोघी थेट बाल्कनीत. नर्सबाईने नाकाला रुमाल लावला. सर्दी असणार बिचारीला.

मी दोघींना सगळं नीट समजावलं. खाली टाकीत मासे. वर ट्रे, ट्रेमध्ये खडी, खडीत भाजी. माती अजिबात नाही. मासे पाण्यात जे काय करायचं ते करतात, पंप ते पाणी वर चढवतो, भाजी ते पिते आणि पाणी स्वच्छ होऊन खाली येतं. याला ॲक्वापोनिक म्हणतात. मी चौथी शिकलेली, पण हा शब्द एका दमात म्हणते. मुलाने हे प्रदर्शनातून आणलं आणि आठ दिवसांत विसरला, तेव्हापासून सगळं मीच बघते. चव आणि पोषण, दोन्हीत बाजारची भाजी याच्या पासंगाला पुरणार नाही, असं मी ठासून सांगितलं.

शिंपीणबाईने विचारलं, म्हणजे ही माशांच्या घाणीवर वाढते का. किती खालच्या पातळीचा प्रश्न. विषय बदलून चहा टाकला. साडेसहापर्यंत बसल्या.

५ मार्च
सूनबाईला बाल्कनीत कपड्यांचं मशीन हवंय. आज जेवताना तिने सगळ्यांसमोर अट घातली. महिना संपेपर्यंत कुणीही, घरचं किंवा बाहेरचं, ही भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली तर टाकी राहील. नाही मागितली तर जाईल. मुलाने मान डोलावली. तो दोन्ही बाजूंना डोलावतो.

मी हसून मान्य केलं. एवढं सोपं काम! पण नंतर एकटीच बाल्कनीत जाऊन टाकीपाशी उभी राहिले. हे गेले तेव्हापासून आमची बेल वाजवायचा तो फक्त सिलिंडरवाला. टाकी आली आणि माणसं यायला लागली. टाकी गेली तर येणार कशाला? माझं तोंड बघायला?

आजपासून कंबर कसायची.

८ मार्च, सकाळ
मुख्य काम स्वच्छता. बाकीचे लोक इथेच मार खातात. आज खडीत हात घातला तर ती बुळबुळीत! ओकारीच आली. माशांचं ते सगळं वर येऊन दगडांना चिकटतं, आणि त्यात आपण खाण्याची वस्तू लावायची? शी शी शी. रोपं अलगद बाजूला ठेवून सगळी खडी बादलीत काढली, कढत पाणी ओतलं, लिंबाच्या वासाचा भांड्यांचा साबण घेऊन एकेक दगड घासला आणि सात पाण्यांनी धुतला. आता रोज हेच करणार.

टाकी विकणाऱ्या दुकानदाराने बजावलं होतं की खडीला हात लावू नका. पुरुषांना घासण्यापुसण्यातलं काय कळतं.

१२ मार्च
पहिला पालक! थोडी सॅलडची पानंही. पानं गोरीपान निघाली, हिरवा भडकपणा नावाला नाही. जेवताना सगळ्यांना वाढली.

मुलगा एक घास घेऊन म्हणाला की याला लिंबू पिळलंय का. मी म्हटलं, पिळावं लागत नाही, अंगचीच चव आहे. मग त्याला एकदम ऑफिसचा फोन आला. फोन वाजला नव्हता, पण हल्ली न वाजणारे फोनही येतात. नात गुणी आहे. तिने आपली पानं सोफ्याच्या उशीखाली जपून ठेवली, उद्यासाठी. सूनबाईने चावलं, थांबली, पाणी प्यायली, परत थांबली. नवलाची चव पटकन कळत नाही.

मी स्वतः नाही खाल्ली. माझी दाढ ठणकत होती.

१४ मार्च
शिंपीणबाई आली. तिला पोषण समजावलं. पालकात लोह असतं ते कुठून येतं, तर आमचा पंप लोखंडाचा आहे, त्यातूनच पाणी वर चढतं. मुलगा आतून ओरडला की पंप प्लास्टिकचा आहे. बरं. मग ते बघितल्यानेच येत असेल, कारण टाकी आल्यापासून माझा गुडघा बरा आहे. खाल्ल्याशिवाय बरा आहे, म्हणजे खाल्ल्यावर किती होईल.

तिने विचारलं, तुम्ही रोज खाता का. मी म्हटलं, रात्री कच्चं सोसत नाही. ती म्हणाली, दुपारी? मी म्हटलं, दुपारी झोपते. तेवढ्यात चहा उतू गेला ते बरं झालं.

१७ मार्च
बाल्कनीत वास येतोय. गटाराचा असणार, सोसायटीकडे तक्रार करायला हवी. मुलगा म्हणतो, टाकीचा. याचं नाक लहानपणापासून अधू.

पालकाची दोन रोपं आडवी झाली. विश्रांती घेतायत. एक मासा पोट वर करून पोहायला शिकला. दुपारपर्यंत तसाच पोहत होता, मग सूनबाईने त्याला चिमट्याने उचलून नेलं. कुठे ते मी विचारलं नाही.

ट्रेच्या कडेला पिवळा फेस येतो. बघूनच माझ्या अंगावर काटा येतो. घासणं दिवसातून दोनदा केलंय.

२२ मार्च, रात्र
मुलाने दुकानदाराला फोन लावून माझ्या कानाला दिला. मी माझी पद्धत अभिमानाने सांगितली. त्याने साबणाचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग तो म्हणाला की आजी, त्या बुळबुळीत थरातच जिवाणू असतात, तेच माशांच्या घाणीचं खत करतात. तुम्ही रोज साबणाने त्यांनाच मारताय, म्हणून घाण पाण्यात साठतेय आणि भाजी उपाशी मरतेय.

ऐका! म्हणजे किडे पाळायचे, आणि तेही जेवणाच्या ताटाखाली! मला रात्री जेवण गेलं नाही. किळस म्हणजे किती किळस. याची डिग्री कुणी तपासली आहे का?

पण मी हट्टी नाही. उद्यापासून एकदाच घासेन.

२६ मार्च
घरच्यांच्या जिभा बिघडलेल्या आहेत, हे सिद्ध झालं. अटीत बाहेरचं माणूसही चालतं. नर्सबाई आणि शिंपीणबाईला रविवारी जेवायला बोलावलं. दोघी म्हणाल्या, नक्की येतो, फक्त बसायचं कुठे? मी म्हटलं, बाल्कनीत. दोघी म्हणाल्या, आत बसू.

मी गंमत म्हणून एक पान नाकाजवळ नेलं. नुसतं नेलं. आज उपास धरलाय, उद्या बघू.

३० मार्च, रविवार, रात्र
झालं एकदाचं.

मधोमध काचेचं भांडं. उरलेला सगळा पालक, सॅलडची पानं, आणि एक टोमॅटो, सुपारीएवढा पण घरचा. मी चव आणि पोषणावर चार शब्द बोलले. चाराचे चाळीस झाले असतील. कुणी हात पुढे करेना. नर्सबाईने चमचा माझ्यापुढे धरला.

"पहिला घास तुमचा. पेशंटला औषध देण्याआधी बाटली तरी बघतात."

मी म्हटलं, माझी दाढ. शिंपीणबाई म्हणाली, एवढ्याशा पातळ पानाला दाढ कशाला लागते. मी म्हटलं, पाहुण्यांआधी मी खाणं बरं दिसत नाही. तेव्हा सूनबाई बोलली. आवाज चढवून नाही, अगदी हळू.

"आई, तुम्ही महिनाभरात एकदाही खाल्ली नाही ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नातसुद्धा. मग काय, घेतलं पान आणि टाकलं तोंडात.

आधी लिंबू. मग साबण. मग साबणाच्याही खाली काहीतरी, टाकीच्या तळाशी असतं ना, तेच. गिळायचं मी ठरवलं होतं. ठरवणं आपल्या हातात असतं, गिळणं नसतं. तोंडावर हात धरून मोरीपर्यंत पोचले एवढंच.

तीनदा चूळ भरून बाहेर आले आणि म्हटलं, मीठ कमी आहे.

शिंपीणबाई इतकी हसली की खुर्चीवरून घसरली. नर्सबाईने चष्मा काढून डोळे पुसले. मुलगाही हसला, बायकोकडे बघून. सूनबाई मात्र हसली नाही. तिने मला पाण्याचा ग्लास दिला आणि पाठीवर हात ठेवला. दुसऱ्यांदा कुणी मागितली नाही. पहिल्यांदा तरी कुठे कुणी घेतली.

मासे उद्या दुकानदार घेऊन जाईल. टाकी मीच काढायला सांगितली. संसारात मोठ्या माणसानेच जागा सोडायची असते.

पाहुण्या उठल्या तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. म्हटलं, आता टाकी जाणार, तेव्हा तुमचं येणं काही व्हायचं नाही. नर्सबाई चपला घालता घालता थांबली. म्हणाली, ती टाकी बघायला कोण येत होतं? महिनाभर नाक दाबून चहा प्यायलो आम्ही. चहा बरा करता तुम्ही, आणि अख्ख्या बिल्डिंगच्या बातम्या तुमच्याकडे मिळतात.

पालकाबद्दल एक शब्द नाही. पोषणाबद्दल नाही. इतकं मी शिकवलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मशीन बुधवारी येतंय. त्या दोघी गुरुवारी येतो म्हणाल्या, चार वाजता.