दाराबाहेर ऐकू न येणारा सेट

आबा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. मागच्या आठवड्यात नातीबरोबर तिच्या गिटारसाठी ॲम्प्लिफायर घ्यायला गेले होते. शेजाऱ्यांना त्रास न देता घरात वाजवता यावं, एवढीच तिची मागणी. दुकानदार तिला समजावत होता, "नुसता छोटा बघू नकोस, आवाज कमी केल्यावरही ज्याचा गोडवा राहतो तो घे." साधं बोलणं, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नात विचारते, "आजी, काय झालं?" तिला काय सांगू? हेच मी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी देवासच्या दुकानात, तुमच्या शेजारी उभी राहून ऐकलं होतं. तुम्हीही ऐकलं होतं.

संस्थान विलीन झालं आणि धारच्या दरबारचा बँड मोडला. तुम्ही त्यातले क्लॅरिनेटवाले. तुम्हाला कचेरीत कारकुनी मिळाली. एकदा मनावर गावाहून कोणी आलं आणि दारातूनच म्हणालं, "बँडवाले भिया, बरात में चलोगे क्या?" तुम्ही दार लावलंत. त्या दिवसापासून क्लॅरिनेट ट्रंकेत गेली आणि घरात कोणी गुणगुणलं तरी तुमच्या कपाळाला आठी पडायची. तुमच्याच बँडमधले ट्रंपेटवाले काका मुंबईला निघाले तेव्हा आपली हवाइयन गिटार मला देऊन गेले. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून लोखंडी कांडी सरकवायची. ती विजेवरची. रेडिओच्या मागे ग्रामोफोनची वायर जोडतात तिथे तिची वायर खोचली तरच ती बोलणार. आपल्याकडे रेडिओ नव्हता. वर्षभर मी लाकडाला कान टेकवून वाजवत राहिले, मान अवघडेपर्यंत. शेवटी आईने तुमच्याशी अबोला धरला, तेव्हा तुम्ही रेडिओचा सेट घ्यायला तयार झालात. धारमध्ये घेतला तर चार माणसं बघतील, म्हणून मला गिटारीसकट बसने देवासला नेलंत.

दुकानात तीन सेट मांडलेले आहेत. मी बाकावर बसून तेच एक गाणं वाजवते आणि तुम्ही बाहेर जाता, दार ओढून घेता, रस्त्यावर उभे राहता. आत येऊन मान हलवता. "हा बाहेर येतो." मोठा सेट लावला तेव्हा खर्जाची तार मला पोटात जाणवली, असा आवाज मी त्याआधी कधी काढला नव्हता. दुकानदाराने बटण पार खाली आणलं. "देखो दादासाब, यो धीमो करो तो बी मीठो बोले. म्हारी मानो, यो लई जाओ." खरंच बोलत होता तो. तुम्ही त्या बटणाकडे बघत राहिलात. "बटण परत वाढवता येतं, भिया." मग तिसरा, सगळ्यात लहान. पूर्ण वाढवला तरी डब्यात गांधीलमाशी अडकावी तसा. तुम्ही बाहेर जाऊन आलात आणि सकाळपासून पहिल्यांदा तुमचा चेहरा खुलला. "हाच बांधा."

हळू आवाज आणि मेलेला आवाज यांतला फरक तुम्हाला कळत नव्हता, असं म्हणून मी तुम्हाला सोडून दिलं असतं. पण राजवाड्यात पंगत बसली की जेवणाऱ्यांचं बोलणं मोडू नये इतकं हळू वाजवायचं आणि तरी शेवटच्या पानावरच्या माणसाला सूर कळला पाहिजे, हे मला कोणी सांगितलं होतं? तुम्हीच ना? तुम्हाला सगळं कळत होतं. लोक बँडवाल्याची पोर म्हणतील ही तुमची धास्ती, आणि त्यापायी माझा आवाज गेला. परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "आबा, मी बटण वाढवलं नसतं." तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "आज नसतंस वाढवलंस. उद्या कोणी वाहवा केली की हात आपोआप जातो. मला माहीत आहे." तुमच्या हाताची शिक्षा माझ्या हाताला का?

शाळेच्या गॅदरिंगला बाईंनी माझं नाव घातलं. मला वाटलं, निदान त्या दिवशी तुम्ही कुठूनतरी दुसरा सेट आणाल. नाही आणलात. मी तोच डबा स्टेजवर ठेवला आणि वाजवायला लागले. दुसऱ्या रांगेपलीकडे काही पोचत नव्हतं. मागून पोरी ओरडल्या, "ए, शुरू तो कर!" माझं तर अर्धं वाजवून झालं होतं. उरलेलं अर्धं कसं वाजवलं ते माझं मला माहीत. तुम्ही शेवटच्या रांगेत बसला होतात. घरी येताना म्हणालात, "छान वाजवलंस." शेवटच्या रांगेत काय ऐकू आलं तुम्हाला, आबा? बोला ना. त्या 'छान'चा मला जितका संताप आला तितका त्या पोरींच्या ओरडण्याचाही आला नाही. त्यानंतर मी गिटारला हात लावला नाही, आणि तुम्ही एकदाही का म्हणून विचारलं नाहीत.

लग्न होऊन मी देवासलाच आले. तुम्ही गेलात त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. आयुष्यभर मी सगळ्यांना हेच सांगत आले की माझ्या वडिलांनी मला वाजवू दिलं नाही. ऐकणारे हळहळायचे, आणि मला ते बरं वाटायचं. यांनाही तेच सांगितलं, मुलांनाही तेच. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच पुढचं लिहायचा धीर होतोय. सासरी बैठकीत मोठा रेडिओ होता. आईने पाठवणीत गिटार दिली होती. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी ती स्वतः पुसून माझ्यापुढे ठेवली, आपल्या हाताने तिची वायर रेडिओच्या मागे खोचली आणि म्हणाल्या, "वाजव गं सूनबाई, चांगलं मोठ्याने वाजव, शेजारच्यांना पण ऐकू दे." सगळे वाट बघत बसले होते. मी म्हटलं, मला येत नाही.