श्लागवेटरच्या शेवटच्या अल्बमची टेप

मी, एकहार्ट पावलित्स्की, राहणार हर्ने, डोकं ठिकाणावर आणि दोन्ही कान शाबूत असताना, कुणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. टाइप केलेलं आमचं कोर्ट मानत नाही. अक्षर सोसून घ्यावं.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक कन्या आन्नेग्रेट हिला.

२. चौदाव्या वर्षी मी कोळशाच्या खाणीत उतरलो. छताची करकर ऐकून दोनदा जीव वाचवला; कान तिथे तयार झाले. खाण बंद पडल्यावर कामगारांच्या न्हाणीघरात मी उभारलेला स्टुडिओ माझा मदतनीस ओमेर काराताश यास. कन्सोलवरचा पहारीचा घाव त्याने बुजवू नये.

३. हेवी मेटलवाल्या 'श्लागवेटर' बँडच्या शेवटच्या अल्बमची मूळ टेप. ही मंडळी एकाच खोलीत, एकदमच वाजवत. शेवटचं गाणं संपलं आणि गिटारवाला वेंडेलिन गायकाला म्हणाला, "गेर्नोट, आता तू बारशात गा." गेर्नोटने स्पीकरचा पेटारा त्याच्या हातावर लोटला. बोटं चिरडल्याचा आवाज मी काचेपलीकडून ऐकला.

महिन्याभराने गेर्नोट नवा गिटारवाला घेऊन हजर. "एकहार्ट, त्या हरामखोराची गिटार पूस. हा वाजवेल."

"पुसू कशी? एका खोलीत वाजवलंत ना? ती तुझ्या माइकातसुद्धा शिरलीय."

"मग टेपच नको."

त्याने पहार उचलली. पहिला घाव कन्सोलवर, दुसरा माझ्या खांद्यावर. तिसऱ्याआधी मी माइकचा स्टँड त्याच्या जबड्यावर घातला. दात फरशीवर सांडले. "आता गप्प बसेल," ओमेर म्हणाला, आणि मग अँब्युलन्स बोलावली.

वेंडेलिनला आता गिटार धरवत नाही. गेर्नोटचा जबडा नीट उघडत नाही. दोघांचंही शेवटचं जे आहे ते या टेपवर, एकमेकांत मुरलेलं. म्हणून ती दोघांना मिळून देत आहे. दोघांच्या सह्या असतील तरच अल्बम निघेल, एक सूरही न पुसता.

एकाने दुसऱ्यावर पुन्हा हात उचलला, तर टेप माझ्या जावयाला जावी. तो मेटलसुद्धा बास कमी करून ऐकतो.

साक्षीदार आमच्या कायद्याला लागत नाहीत, पण या दोघांना लागतील.

(सही) एकहार्ट पावलित्स्की
हर्ने, ११ नोव्हेंबर २०१९

साक्षीदार:
ब्रुनो टेगटमायर, शेजारी
रोझविटा काम्प, कोपऱ्यावरची सॉसेजवाली. वाचलं. जावयाला यातलं काही कळू देणार नाही.