बाथरूमचं दार

मिहिर,

बाबांसमोर फोनवर बोलता येत नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

कंत्राटदार सकाळी इंजिनिअरला घेऊन आला होता. बाथरूमचं दार रुंद करता येणार नाही. दाराला लागून आहे ती साधी भिंत नाही, बिल्डिंगचा कॉलम आहे. "याला हात लावला तर वरच्या मजल्यांचं काही खरं नाही," असं इंजिनिअर म्हणाला. म्हणजे बाबांची व्हीलचेअर आत जाणार नाहीच. या कामासाठी साडेतीन लाख जमवून ठेवलेत खरे, पण तेवढ्यात मुलुंडमध्ये मोठा फ्लॅट कोण देणार? काल त्यांना उचलल्यावर तू पाठ धरून बसलास, ते मी पाहिलंय.

मी भांडुपचा वृद्धाश्रम बघायला गेलेय. तू सोबत असतास तर फाटकातूनच परतला असतास.

तू येईपर्यंत शेजारच्या पद्मजाकाकू बसल्यात. बाबांना भात मऊ कालवून दे, गोळी जेवणानंतर. त्यांनी टाइल्सच्या कॅटलॉगमध्ये आकाशी रंगावर खूण केलीय. "मिहिरला विचार, चालेल ना," असं दोनदा म्हणाले. मी हो म्हटलं.

त्यांना अजून काहीच माहीत नाही. तूच सांग. माझ्याने होत नाही.

शर्मिष्ठा