गाडी एकटी सोडायची नाही

१२ मार्च

अकरा दिवस वहीला हात लावला नाही. रोज ठरवतो, आज लिहू, आणि रोज काहीतरी आडवं येतं. परवा पेनाच्या टोपणाला भोक कशाला ठेवतात या विचारात अर्धा तास गेला. पण आज लिहिलं नाही तर तोंडातून निघेल, आणि ऐकायला शेजारी एकच माणूस — भावोजी!

दोन महिने झाले त्यांच्याबरोबर खास माल चालवतोय, म्हणजे नाजूक, महागडी यंत्रं. त्याआधी एकटा होतो, साध्या मालावर. घाईचाच असायचा तोही. पण गोदामाला गाडी लावायची, त्यांची माणसं भरणार, दाराला सील, की सुटलो! उतरवायलाही त्यांचीच माणसं. आत सुया आहेत का सोफे, मला काय?

खास मालाला दोन ड्रायव्हर लागतात. भावोजींचा जोडीदार पाठीमुळे घरी बसला आणि ताईने मला पुढे ढकललं — हा नुसता भटकतोय, ह्याला घ्या. चार दिवसांचं शिक्षण, एक फोटो, गळ्यात पास. आता रजया गुंडाळा, पट्टे आवळा, चारी बाजूंनी फोटो काढा, बुटांवर निळ्या पिशव्या चढवून माल थेट खोलीत नेऊन ठेवा, तासातासाला ऑफिसला फोन. आणि या सगळ्याच्या वरचा नियम — गाडी एकटी सोडायची नाही. एक उतरला की दुसरा गाडीतच. दोन महिन्यांत आम्ही एका टेबलावर जेवलेलो नाही. संडासलासुद्धा पाळ्या!

आज एकच पट्टा तीनदा आवळायला लावला. "पुन्हा." एवढंच बोलतात. पुन्हा!

१३ मार्च

डोळ्यांच्या ऑपरेशनचं यंत्र उचललं. खोका माझ्या खांद्याएवढा, त्यावर टिकली. म्हणजे नखाएवढी नळी असलेलं स्टिकर — धक्का बसला की नळी लाल होते, ती परत कधी पांढरी होत नाही. भावोजींनी वाकून पाहिली, फोटो काढला, मग मला वाकायला लावलं. काय रंग? पांढरा. मोठ्याने. पांढरा! मी काय बालवाडीत आहे?

चौदा वर्षांत त्यांच्या गाडीत एकही टिकली लाल झाली नाही. हे मला आठवड्यातून दोनदा कळतं. कुठल्याशा दवाखान्याने पाठवलेलं आभाराचं पत्र कप्प्यात जपून ठेवलंय, प्लास्टिकच्या पिशवीत. साध्या मालावर काय वाईट होतं, म्हणून विचारलं. तर म्हणाले, "तिथे आपण काय नेतोय ते आपल्यालाच माहीत नसतं."

मला तेच तर आवडायचं.

१४ मार्च

आज मजा! थांब्यावर पिपाणी भेटला. साध्या मालाच्या दिवसांतला दोस्त, आवाजावरून नाव पडलेला. त्याच्या गाडीत कपड्यांच्या दुकानातले पुतळे, शंभरेक, सगळे नागडे, एकमेकांच्या गळ्यात हात घालून. म्हणाला, शंभर जण घेऊन चाललोय आणि एकाची तक्रार नाही. बुटांवर चढवायच्या माझ्या निळ्या पिशव्या बघून, "डॉक्टर, आमची पण नाडी बघा की!" पोट दुखेपर्यंत हसलो. भावोजी जेवायला गेले होते, म्हणून जरा मोकळा श्वास. पिपाणी निघाला तेव्हा मीच मागे उभा राहून गाडी काढून दिली. येऊ दे, येऊ दे!

१५ मार्च

टिकली लाल.

रुग्णालयात रजई काढली आणि दिसली. भावोजी तिच्यासमोर बसूनच राहिले. कंपनीचा माणूस येऊन तपासेपर्यंत यंत्र लावायचं नाही, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. उद्याची नऊ ऑपरेशनं रद्द. बाहेर बाकावर एक म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मग मी परत कधी येऊ, मग मी परत कधी येऊ, जो दिसेल त्याला विचारत होती. मलाही विचारलं. पायात निळ्या पिशव्या होत्या ना, तिला वाटलं मी तिथलाच.

आणि भावोजी मला विचारतात, पट्टा कोणी आवळला होता? मी! याही वेळी तीनदा! पहाटे गतिरोधकावर गाडी कोणी उडवली? मी मागे झोपलो होतो, डोकं छताला आपटलं! "चालवत तुम्ही होतात," म्हटलं, सगळ्यांसमोर म्हटलं. त्यांनी वाकून लाल टिकलीचा फोटो काढला.

१६ मार्च

खोक्यात एक डबी असते. कुठला धक्का किती वाजून किती मिनिटांनी बसला, सगळं तिच्यात. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, उद्या उघडू. मी म्हटलं, आजच उघडा की!

ज्याच्या हातून झालं त्याचा पास जाणार. भावोजींचा गेला तर जाऊ दे. साध्या मालावर या म्हणावं, गोदामाच्या दारात शिळा चहा प्या. चौदा वर्षं, चौदा वर्षं! कान किटले.

१७ मार्च

डबी उघडली. पहाटेचं काहीच नाही. चौदा तारीख, दुपारी एक वाजून बारा मिनिटं. गाडी उभी.

बाईंनी फोनवर विचारलं, उभ्या गाडीला धक्का कसा? तेव्हा गाडीत कोण होतं? भावोजींनी माझ्याकडे पाहिलं.

"तू गाडीतच होतास ना?"

"हो."

बस, परत विचारलं नाही. "माझा मेहुणा गाडीतच होता," ते फोनवर म्हणाले. "तो जागा सोडत नाही. तुमची डबी बिघडलीय." कधी आवाज न चढवणारा माणूस ओरडत होता. माझ्यासाठी! कोणी सांगितलं होतं? दोन मुस्काटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ मार्च

चौदा तारखेला एक गोष्ट लिहिली नाही.

येऊ दे, येऊ दे म्हणत होतो, पण लक्ष पुतळ्यांकडे. दाराच्या फटीतून एक हात बाहेर आला होता, टाटा केल्यासारखा हलत होता. ठक्! पिपाणीचा मागचा कोपरा आमच्या गाडीवर. गाडी हलली. त्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "लागलं का रे?" म्हटलं, कुठे काय, जा तू. मग त्याच्या दिव्याच्या काचा पायाने चाकाखाली सारल्या. विसरलो होतो. नाही — विसरलो असं ठरवलं होतं.

ताईचा फोन आला. तुझ्यासाठी भांडले म्हणे, माझ्यासाठी कधी नाही भांडले! हसत होती. तिलाही सांगता आलं नाही.

उद्या दहाला चौकशी. डबी बिघडलेली, म्हणून धक्का कोणाच्या पाळीत बसला ते ठरत नसेल, तर मोठा ड्रायव्हर मी, पास माझा घ्या, असं भावोजींनी लिहून दिलंय. मूर्ख माणूस! हे सगळं मी वहीला सांगतोय. वहीला सांगायला काय जातं? राग पिपाणीचा येतो, पुतळ्यांचा येतो, त्या डबीचा येतो, फिरून फिरून माझ्यावरच येतो.

१९ मार्च

पावणेदहा. ऑफिसच्या आवारात. भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून आत गेलेत. मला म्हणाले, तू गाडीत बस. रिकामी आहे तरी? तरी.

फाटकातून गाडी आली — पिपाणीची! त्याला मी बोलावलं नाही. कोणी बोलावलं? चौकशीची बातमी थांब्यावर गेली असणार, हे लोक काही पोटात ठेवत नाहीत. उतरला. हातात फुटलेला मागचा दिवा. मला पाहिलंच नाही त्याने, सरळ ऑफिसच्या दाराशी गेला.

दार भावोजींनीच उघडलं. दिव्याकडे बघतायत. आता आमच्या गाडीकडे, मी बसलोय तिकडे.